आमच्या खाडीवरची तिवरं

आज सकाळचा चहा पुन्हा खारट लागला. खाडीचं पाणी विहिरीत उतरलंय आणि गाव उधाणाला शिव्या घालतंय. मला ऐंशीच्या दशकातली दुपार आठवली. होडीला वाट हवी म्हणून बांधासमोरची तिवरांची झाडं मी तोडून घेत होतो. ओल्या चिखलाचा वास सुटला होता. चिखलातून तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, वेचणारी शेवंतीवहिनी म्हणाली, "तोडा, भावजी. उद्या खाडी दारात आली की चहा पाजा तिला!" आम्ही हसलो.

पुढे बांध फुटला. तिवरं उधाणाने नेली, असं मीच सांगत सुटलो.

काल ग्रामसभेत सगळे दगडी भिंत मागत होते. मी म्हटलं, "आधी तिवरं लावा. ती मीच तोडली होती."

"आजोबा, उगाच अंगावर कशाला घेता? बसा," मागून एक पोरगा म्हणाला.

वहिनी असती तर निदान तिने मला शिव्या घातल्या असत्या.