खाणीवरच्या काट्याचं जपानी कार्ड

गोवा राज्य झालं त्या सुमाराला मी इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा घेऊन डिचोलीत घरी बसलो होतो. थोरला भाऊ खनिजाचा ट्रक चालवायचा. एक दिवस तो दुपारीच घरी आला. खाणीवरचा वजनकाटा बंद पडला होता आणि ट्रकांची रांग हमरस्त्यापर्यंत आली होती. काट्यावर आकडा दाखवणारं यंत्र जपानी होतं. त्यातलं कार्ड, म्हणजे सुटे भाग जोडलेली ती हिरवी पट्टी, बिघडलं की नवं बाहेरून मागवायचं. त्याला परवाना लागायचा, आणि परवान्याला महिने लागायचे. भावाने तिथल्या इंजिनिअरना माझ्याबद्दल सांगून ठेवलं होतं.

कार्डावरची एक चिप जळली होती. तशीच दुसरी मी मुंबईहून आणली आणि बसवली. काटा सुरू झाला. इंजिनिअरनी आकड्याकडे बराच वेळ पाहिलं, मग विचारलं की दुसऱ्या खाणीवरही असंच एक यंत्र पडून आहे, बघाल का.

असा धंदा सुरू झाला. बाजारामागे एक खोली घेतली. पाटी रंगवणाऱ्याने विचारलं, कोंकणीत की मराठीत? त्या दिवसांत गोव्याची भाषा कोणती, या प्रश्नावरून शेजारी एकमेकांशी बोलेनासे होत. आम्ही नुसतं ‘इलेक्ट्रॉनिक्स’ लिहायला सांगितलं.

आम्ही म्हणजे मी आणि वहिनी. वहिनी इब्रामपूरची, सातवीपर्यंत शिकलेली. अबोलीच्या फाती, म्हणजे गजरे, ओवणारी तिची बोटं कधी थरथरत नसत. जेवणाचा डबा घेऊन यायची, थांबून बघायची. एकदा तिने माझ्या हातातून सोल्डरिंगची कांडी घेतली आणि मला तिसऱ्यांदाही न जमलेला सांधा एका दमात जोडला. त्यानंतर बारीक काम तीच करू लागली.

बाहेरचा माल सहज येत नव्हता म्हणून आमचं चाललं होतं. मला तेव्हा वाटायचं, आपण हुशार आहोत.

पुढे आम्ही आकडा दाखवणारं अख्खं यंत्रच बनवलं. चिप परदेशी, बाकी सगळं वहिनीच्या हातचं. कारापूरच्या एका लहान काट्यावर ते बसवलं. भावाने भरलेला ट्रक आधी खाणीच्या काट्यावर नेला, मग आमच्या. आकडा तोच आला. ट्रक काट्यावरून उतरेपर्यंत वहिनी तिथेच उभी राहिली.

मग सरकारने आयात मोकळी केली. चिपा स्वस्त झाल्या तेव्हा आम्हाला आनंदच झाला. आता अशी दहा यंत्रं बनवू, असं ठरलं. पण चिपांच्या मागोमाग तयार यंत्रंही आली. म्हापशात एका परदेशी कंपनीचा एजंट बसला. कार्ड बिघडलं की आठवड्यात नवं. कारापूरच्या मालकांनी आमचं यंत्र काढलं आणि मला चहा पाजून ते परत दिलं. त्यांच्या बोलण्यात वाईटपणा नव्हता.

त्या नव्या यंत्रातलं एक बिघडलेलं कार्ड वहिनीने मागून आणलं. त्यावरची चिप काळ्या लाखेसारख्या थेंबात बुजवलेली होती. तिने पातं लावून पाहिलं, गरम करून पाहिलं.

“भावजी, ह्या उघडणा नाय,” ती म्हणाली.

मला ठाऊक होतं. तिने कार्ड खाली ठेवलं, हात धुतले आणि घरी गेली. मला राग आला नाही, रडूही नाही. मी टेबल पुसलं.

एजंटने मला कामावर बोलावलं. डिचोली-पेडण्यातल्या काट्यांवर त्याची यंत्रं बसवायची. मी लगेच हो म्हटलं. घरी जेवताना सांगितलं, तेव्हा वहिनी मला वाढत होती. वाढून झाल्यावर म्हणाली, “माका इचारूक व्हया होतां.”

खरंच होतं. खोली दोघांची होती आणि बंद मी एकट्याने केली. ‘चुकलं’ एवढंच म्हणायचं होतं. मी आमटी मागितली.

वर्षभराने वहिनीने माहेरी, इब्रामपूरला, शेतातल्या पंपांसाठी आपोआप चालू-बंद होणारी बटणं बनवायला घेतली. तिथे वीज कधीही यायची, कधीही जायची. बाहेरून आलेल्या स्वस्त चिपांवरच ते काम उभं राहिलं. गावातल्या दोन बायका तिच्याकडे शिकल्या. मला तिने त्यात ये म्हटलं नाही, मीही विचारलं नाही.

लागणाऱ्या भागांची यादी ती माझ्या भावाबरोबर पाठवते. मी म्हापशातून ते घेतो आणि त्याच्याकडे देतो. गेल्या खेपेला यादी दोन पानांची होती. एक भाग मिळाला नाही. त्यापुढे मी ‘सोमवारी’ असं लिहिलं.