तंबाखूच्या पाण्याने धुतलेली गाय
निपाणीच्या बाजारात ओल्या तंबाखूचा वास आला की मला एक धुतलेली गाय आठवते. गोचीडतापाच्या संशोधनासाठी मी गोठ्यागोठ्यांतून हिंडत होतो. अंगावर गोचीड सापडले तरच जनावराचं रक्त घ्यायचं, असा नियम होता. एका गोठ्यात मालकीण आक्का आडवीच आली. "रगत काढून गाय वाळवतासा व्हय?" शेवटी तिनेच दावं धरलं. कानात, शेपटीखाली, कुठेच गोचीड नाही. एवढी स्वच्छ गाय मी त्या भागात पाहिली नव्हती. संशयाने वाकलो, तर कातडीला तंबाखूचा वास. तंबाखूच्या पाण्याने गोचीड गळून पडतात. "पावणं येणार म्हणून सकाळीच धुतली," ती म्हणाली, "घाण दिसली तर नाव जातंय." गायीचे कान गरम लागत होते, ही तापाची खूण, पण मला कोल्हापूरची एसटी गाठायची होती. 'गोचीड नाहीत' असं लिहून मी निघालो. पंधरा दिवसांनी गेलो तेव्हा दावं रिकामं होतं. गाय तापाने गेली होती. रक्तावरून भांडणाऱ्या आक्काला आता माझा संशयही आला नाही. "तुमी बघून गेलतासा, म्हणून आमी निवांत हुतो की अण्णा," म्हणत ती चहा ठेवायला उठली. तो चहा मी प्यालो. त्या गरम कानांबद्दल तिला अजून सांगितलेलं नाही.