मुक्या राजाचा खुराक

माझा थोरला भाऊ चांगला राजबिंडा होता हो, पण चार लोकांपुढं उभा केला की डोक्याची पाटी कोरी! धानाची कापणी झाली की आमच्या झाडीपट्टीत गावोगाव नाटकं होतात. आदल्या साली त्यानं राजाचं काम घेतलं, सिंहासनावर बसला आणि तोंडच उघडेना. पडद्यामागून वाक्यं सांगणारा बोंबलून बोंबलून दमला. तेव्हापासून अख्खं गाव त्याला मुका राजा म्हणू लागलं.

यंदा पुन्हा राजाचं काम, आणि वरून नागभीडकडचे पाहुणे मुलगा पाहायला नाटकालाच येणार होते. त्यांची मुलगी भावानं मंडईच्या जत्रेत एकदा पाहिली होती, तेव्हापासून मेल्याचं जेवणावरचं लक्ष उडालं होतं. पुन्हा दातखीळ बसली तर सोयरीक गेलीच, हे शेंबड्या पोरालाही कळत होतं.

बाबा चांद्याला कचेरीत गेले, ते लाल टॉनिकची बाटली आणि व्हिटॅमिनच्या गोळ्या घेऊन आले. "सायबायचे पोरं हेच खाऊन पास होतेत," म्हणाले. मायचा बाटलीवर काडीचा विश्वास नाही. तिनं जंगलातला माल बाजारात आणणाऱ्या बाईकडून डोकं तल्लख करणारं मालकांगोणीचं तेल घेतलं. बताशावर त्याचे दोन थेंब, वरून दूध, आणि हे सगळं बाबांच्या चोरून. मग मी काय मागं राहते? बोडीच्या, म्हणजे गावतळ्याच्या काठची ब्राह्मी वाटून रोज त्याच्या टाळूवर थापायची. ती ब्राह्मीच होती का, हे मी आजही छातीठोक सांगू शकत नाही.

ऐन पौषात भाऊ घामानं निथळू लागला. कान लाल, डोकं हिरवं.

"माय, डोक्यात भट्टी पेटल्यावानी वाटून राह्यलं."

"म्हंजे लागू पडलं," माय म्हणाली आणि दोनाचे चार थेंब केले.

तालमी आमच्याच घरापुढच्या सपरीत, पडवीत चालायच्या, त्यामुळं तो दिवसभर सगळ्यांचंच ऐकायचा. औषधाचा गुण की भीतीचा, देव जाणे, पण नाटकाच्या रात्री राजा जो सुटला तो थांबेचना! आपली वाक्यं म्हणाला, मग राणीची म्हणाला, प्रधानाची म्हणाला, वरून "आता डावीकडून दासी येते" हेही ठणकावून सांगून टाकलं. राणीचं काम मिशा भादरलेल्या लोहाराकडं होतं. तो पदर खोचून ओरडला, "मंग मी काय इथी भजे खायले आलो का?" लोक हसून हसून लोळले. आम्ही मात्र खूश. मुका तर नाही ना राहिला!

सकाळी पाहुणे आमच्या सपरीत चहाला बसले. मुलीचा बाप म्हणाला, "काय डोकं हाय पोट्ट्याचं! अख्खं नाटक पाठ!"

मुलीची आई मात्र पदर सावरून उठली. "चला. हे सोयरीक नाई जमत."

मायनं हातातली बशी खाली ठेवली. "काऊन बाई? काय चुकलं आमचं?"

"ज्याले इतकं ध्यानात राह्यते, तो माह्या पोरीची एक तरी चूक विसरंल का? यायलेच पाहा. लग्नाच्या सालची खारट भाजी अजून दर सणाले काढतेत."

"मिठाचा खडाच होता तो!" मुलीचा बाप लगेच म्हणाला.

"पाह्यलं?" ती म्हणाली.

भावाचं तोंड इतकं उतरलं की मला रडूच कोसळलं. इतकं कडू-गोड पोटात घातलं ते काय ह्याच्यासाठी? बाबांनी त्याला पुढं ढकललं. "अरे, बोल ना काही! तुह्या मनात काय हाय ते सांग बाईले!"

तो उभा राहिला. हात जोडले. तोंड उघडलं. आम्ही सगळे त्याच्याकडं पाहतोय आणि तो आढ्याकडं. कपाळावरून घाम ओघळला. बाबा खालच्या आवाजात सांगू लागले, "म्हण, मले पोरगी पसंत..." पण त्याला तेही ऐकू जाईना.

शेवटी कसाबसा म्हणाला, "बाई... इसरलो."

बाबांनी कपाळावर हात मारून घेतला. मुलीच्या आईनं भावाला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, आणि परत सतरंजीवर मांडी घालून बसली.

"मंग ठीक हाय," ती म्हणाली. "फोडा सुपारी."