भिंतीवरचं बियाणं

परसातल्या वेलावरचा सगळ्यांत देखणा दोडका आई कधी शिजू द्यायची नाही. त्याला लुगड्याची चिंधी बांधायची आणि आम्हाला दम भरायची, "त्यो बियाचा हाय, हात लावाल तर बगा." एखाद्या वेलाचा दोडका कडू निघाला, की तो वेल ती मुळासकट उपटून टाकायची. निवडलेलं बी शेणात कालवून त्याच्या चकत्या मागच्या भिंतीवर थापायची, म्हणजे कीड लागत नाही.

आई चैत्रात गेली. आमच्या चिखलीतली माणसं सरणासाठी गोवऱ्या गोळा करायला धावली आणि घाईघाईत मागच्या भिंतीवरच्या चकत्याही पाटीत भरून घेऊन गेली. त्यांच्या घरच्या भिंतींवरही असंच बी होतं. तरी एकाच्याही डोक्यात उजेड पडू नये? माणसं मदतीलाच आली होती, हे मला कळतं, पण माझा राग अजून गेलेला नाही. आईचं बी आईच्याच चितेत जळालं.

पेरायचे दिवस आले तेव्हा वडील मला घेऊन चाकणच्या बाजाराला गेले. भाजीचं बी विकत घ्यायची आमच्या घरातली ती पहिलीच वेळ. बीवाल्यानं विचारलं, "दोडका कुठला देऊ, आखूड का लांब?"

वडिलांनी दोन्ही पोत्यांतल्या काळ्या बिया तळहातावर घेतल्या, उलटसुलट करून पाहिल्या. मग नेहमीसारखं सहज म्हणाले, "थांब, घरात इचारून सांगतो."

म्हणाले आणि तिथंच, त्या पोत्यांसमोर, मटकन खाली बसले.