बोटभर लांबीचा फरक

ऑर्केस्ट्रात सगळे त्यांना मास्तर म्हणत. क्लॅरिनेटच्या पहिल्या खुर्चीवर एकतीस वर्षं ठाण मांडून बसलेला माणूस, नाकावर माशी बसू द्यायचा नाही. कुणाचा सूर केसभर हलला तरी मान वळवून असं बघायचे, की समोरच्याला वाद्य गुंडाळून घरी जावंसं वाटावं. त्याच मास्तरांचे कान दोन वर्षांपासून दगा देत होते, आणि हे फक्त त्यांच्या बायकोला माहीत होतं.

"अहो, एकदा डॉक्टरांकडे चला," ती म्हणायची.

"कानात मळ आहे," मास्तर म्हणायचे. दोन वर्षांत केवढा तो मळ साठला असेल, तुम्हीच सांगा.

शेवटी कुणकुण लागलीच. छडीवाले साहेब, म्हणजे ऑर्केस्ट्रा चालवणारे, त्यांनी तालमीनंतर मास्तरांना बाजूला घेतलं. "या कार्यक्रमात मुख्य रचनेची सुरुवात तुमची एकट्याची आहे. ती चोख झाली तर खुर्ची तुमची. नाहीतर मला दुसरं कुणी बसवावं लागेल."

कार्यक्रम होता सिंफनीच्या थाटात बांधलेल्या जुन्या जॅझचा. मध्यंतरानंतरची मुख्य रचना क्लॅरिनेटच उघडतं. खालच्या सुरावरून एक लांबलचक मींड घेत ते एकटंच वर चढतं, आणि टोकाला पोचलं की सगळा ऑर्केस्ट्रा येऊन मिळतो. मास्तरांनी तीन आठवडे न्हाणीघरात कोंडून घेऊन ही एकच मींड घोटली. ओठ सोलवटला. खुर्ची गेली तर आपण कोण, असं आरशाला विचारूनही झालं.

आता एक सांगायला हवं. क्लॅरिनेटवाल्याकडे दोन वाद्यं असतात, दिसायला जुळी. एक बोटभर लांब, त्याचा सूर अर्धा स्वर खाली. रचनेप्रमाणे ती बदलायची. चुकून भलतंच उचललं, तर बाकीची वाद्यं सुरू होताच कानात काटा रुतल्यासारखं होतं.

मध्यंतराआधीची रचना लांब क्लॅरिनेटवर होती, नंतरची आखूडवर. मध्यंतरानंतर मास्तर येऊन बसले तेव्हा तळहाताला घाम फुटला होता, डोळे छडीवर खिळले होते. हाताला आलं ते उचललं. शेजारच्या खुर्चीवर त्यांचीच शिष्या होती. तिनं ते पाहिलं आणि "मास्तर, मास्तर" म्हणून कुजबुजली. कुजबुज ऐकू येणं मास्तरांना केव्हाच बंद झालं होतं.

छडी उठली. मींड निघाली ती कुठे न तुटता, न थरथरता वर गेली. टोकाला ऑर्केस्ट्रा येऊन मिळाला आणि मास्तरांचा ऊर भरून आला. वाचलो, त्यांना वाटलं. छडीवाल्या साहेबांचा चेहरा पांढराफटक पडला होता. पहिल्या रांगेतल्या बाईंनी डोळे घट्ट मिटले होते. मास्तरांना वाटलं, रंगल्या.

पहिल्या विरामात शिष्येनं त्यांच्या हातातलं वाद्य हळूच काढून घेतलं आणि आपलं आखूड क्लॅरिनेट तिथे ठेवलं. मास्तर सवयीनं रागावून वळले. ती रडत होती. तिच्या मांडीवर त्यांचं लांब क्लॅरिनेट होतं.

भलतं वाद्य कुणीही उचलेल. पण इतका वेळ सगळं बेसूर वाजत होतं, आणि आपल्याला ते गोड लागलं होतं.

पुढची ओळ त्यांची होती. छडी त्यांच्याकडे वळली. मास्तरांनी क्लॅरिनेट ओठाला लावलंच नाही, शिष्येला परत दिलं.

"तू वाजव," ते म्हणाले. आपल्या मते ते कुजबुजले होते. शेवटच्या रांगेपर्यंत सगळ्यांना ऐकू गेलं.