बसू नापास झाला

शुक्रवार पेठेतल्या भुवनेश्वरीला थोडक्यात बोलता येत नाही, हे तिचे पेशंटही सांगतील. मधुमेहाच्या दवाखान्यात बारा वर्षं ती लोकांना इन्सुलिन कसं घ्यावं, पाय कसे जपावेत हे समजावते. एका प्रश्नाला दहा वाक्यांचं उत्तर, तेही आधी मराठीत, मग कानडीत. तिच्यासारख्यांना प्रमाणपत्र देणारी नवी परीक्षा ठरली, तेव्हा प्रश्न काढायला तिलाही बोलावलं. बाकी सगळी मोठ्या डिग्रीची मंडळी. तिथे आपलं हसं होऊ नये, एवढीच तिला धास्ती.

प्रत्येकी चार पर्यायांचे वीस प्रश्न तयार झाल्यावर तिने ते आधी नवऱ्याला सोडवायला दिले. बसूचं चादरीचं दुकान. साखरेशी त्याचा संबंध चहापुरता. चहा संपेपर्यंत पठ्ठ्याने सतरा उत्तरं बरोबर दिली. भुवनेश्वरी हरखली. म्हणजे एवढी वर्षं हा माणूस आपलं ऐकत होता. मग तिला शंका आली, आणि हे जमलं कसं ते तिने विचारलं.

"सगळ्यात लांब उत्तरावर खूण केली की," बसू म्हणाला. "खरं सांगायला लागलीस की तू थांबतीस कुटं?"

दुपारभर ती फुगून बसली. पण चूक तिचीच होती. चुकीची उत्तरं तिने तीन शब्दांत उरकली होती आणि बरोबर उत्तरात सगळा दवाखाना ओतला होता. काही न शिकता पास झालेला माणूस उद्या पेशंटला काय शिकवणार? तिने चारही उत्तरं एका मापाची केली. चुकीची उत्तरंही अशी शोधली, की नवख्याला ती खरीच वाटावीत. त्या आठवड्यात ती इतकी गप्प होती की सासूबाईंनी, शिवबाईंनी, कपाळाला हात लावून ताप पाहिला.

रविवारी बसू पुन्हा बसला. वीसपैकी चार. नवरा नापास झाला म्हणून भुवनेश्वरीने शेंगापोळ्या केल्या.

जेवताना तिने ती चार उत्तरं तपासली. तीन अंदाजाने लागली होती. उरलेला प्रश्न होता: पेशंटची साखर दर सोमवारीच एकदम उतरते, आधी काय विचाराल? बसूने 'उपवास असतो का' यावर खूण केली होती.

बसूने आईकडे पाहिलं. दोन वर्षांपूर्वी सोमवारचा उपवास धरून, साखरेची गोळी मात्र न चुकता घेऊन, शिवबाई देवळाच्या पायरीवर घामाघूम होऊन बसल्या होत्या.

"ह्यो अंदाज न्हाय," तो म्हणाला. "त्या दिवशी तू आईला पयलं काय विचारलंस, मी तितंच हुतो की."

डोळे पुसत भुवनेश्वरीने त्याला आणखी एक पोळी वाढली. प्रश्न दुसऱ्या दिवशी परीक्षेच्या मंडळींकडे गेले. वीसपैकी अठरा घेतले गेले, आणि सोमवारचा त्यात पहिला होता.