पदराआडचं दूध

"माझ्या अंगावर दूधच नव्हतं," हे माझी आई कुणाहीसमोर, आपला रक्तगट सांगावा इतक्या सहज सांगायची. हळदीकुंकवाला, लग्नाच्या पंगतीत, एकदा तर माझ्या शाळेच्या मुख्याध्यापिकांसमोर. तिसऱ्या आठवड्यापासून मी गाईच्या दुधावर वाढले आणि तरीही गणितात बरी निघाले, असा त्या सांगण्याचा एकूण रोख असायचा. माझं पहिलं बाळंतपण नाशिक रोडला तिच्याकडे करायचं ठरलं, तेव्हा तिने एकच गोष्ट मनावर घेतली. आपलं जे झालं ते मुलीचं होऊ द्यायचं नाही.

हे नव्वदीच्या दशकातलं. वडील नोटांच्या प्रेसमध्ये नोकरीला होते, कॉलनीत दोन खोल्यांचं क्वार्टर होतं आणि मला नववा लागला तेव्हापासून स्वयंपाकघरात अळिवाचा डबा तयार होता. दूध वाढावं म्हणून बाळंतिणीला अळीव देतात, सगळेच देतात. आमच्याकडे ते औषध कमी आणि मोहीम जास्त होती. सकाळी दोन लाडू, चारच्या चहाबरोबर एक, संध्याकाळी खीर. शिवाय शतावरी, खसखस आणि शेपूची भाजी, जिचा वास आजही आला तरी मी दुसऱ्या खोलीत जाते. मी गणिताची शिक्षिका, म्हणून सवयीने विचारलं, की हे नक्की किती खायचं असतं? आई म्हणाली, "बाळंतिणीने विचार करायचा नसतो. खायचं असतं."

दूध आलं. आणि दहाव्या-बाराव्या दिवसापासून माझ्या मुलीने भांडण सुरू केलं.

जवळ घेतलं की ती अधाशासारखे चार घोट घ्यायची, मग ठसका, मग अंग ताठ करून मान फिरवायची आणि रडून घर डोक्यावर घ्यायची. पुन्हा लावलं की पुन्हा तेच. असं दिवसातून आठ-नऊ वेळा. मी फार हळवी नाही. पण ती मान फिरवायची ना, ते मला लागायचं. माझ्या मनात एकच यायचं, की हिला मी नको आहे. हे कुणाला सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून मी लाडू खात राहिले.

आईचं निदान केव्हाच झालं होतं. "पुरत नाहीये तिला."

माझा गाऊन सतत ओला असतो, असं मी म्हटलं. "तेच तर. निम्मं बाहेर सांडतं, पोटात काय जाणार?" दवाखान्यातल्या काट्यावर मुलीचं वजन चांगलं भरलं. आई म्हणाली, "पोटात वारं धरलंय, ते अंग नव्हे." एखाद्या मुलाने वहीत अशी रीत मांडली असती, तर मी लाल पेनाने उभी रेघ मारली असती. इथे मी मुकाट्याने चौथा लाडू उचलला.

खरं तर बघितलं असतं तर कुणालाही कळलं असतं. पण बघायचं नाही, हाच आमच्या घरचा नियम होता. दूध पाजताना वरून पदर घ्यायचा, खोलीत आईशिवाय कुणी नसलं तरी. दुधाला दृष्ट लागते. गाऊनवरून आईच्या जुन्या सुती साडीचा पदर ओढून मी बसायची. त्या पदराआड माझी मुलगी काय भोगत होती ते ना मला दिसायचं, ना आईला. दृष्ट लागू नये म्हणून आम्ही दोघींनी आपापले डोळेच बाजूला ठेवले होते.

ती तीन आठवड्यांची झाली, त्या शनिवारी ओट्यावर दुधाची नवी बाटली दिसली. उकळून, पुसून, फडक्यावर उलटी ठेवलेली. "सोमवारपासून वरचं सुरू करू," आई म्हणाली. तिचा आवाज चिडका होता. पण ती माझ्यावर चिडलेली नव्हती, हे मला समजत होतं. मला ती बाटली नको होती. एकदा ती तोंडात गेली की मुलगी परत माझ्याकडे येणार नाही, अशी माझी पक्की समजूत झाली होती. पण ती कशाच्या जोरावर नाकारायची, ते सुचत नव्हतं.

बाळाला न्हाऊ घालायला रोज सकाळी एक मावशी यायच्या. गावाबाहेर त्यांचा मळा होता, त्यात मेथी-कोथिंबीर आणि झेंडू. मळा मुलं-सुना बघत आणि मावशी कॉलनीतल्या बाळंतिणी बघत. बाळाची अंघोळ, शेक-शेगडी झाली की बाळ झोपायचं आणि मावशी पुढच्या घरी जायच्या. म्हणजे दूध पाजताना त्या कधीच नसायच्या. त्या शनिवारी मात्र लाइट गेली होती, हीटर बंद, पाणी स्टोव्हवर तापत होतं, आणि मुलगी वेळेआधीच भुकेने उठली. मी पदर ओढून तिला घेतलं. चार घोट, ठसका, आरडाओरडा.

मावशी पाटावर बसल्या होत्या. उठल्या आणि न विचारता पदर बाजूला केला.

"अरे देवा! ताई, हे काय बघ!"

मी पाहिलं. दुधाच्या बारीक धारा थेट मुलीच्या तोंडावर उडत होत्या. नाकात, डोळ्यांत, कानात. ती बिचारी मान फिरवून श्वास घेत होती, एवढंच.

"कमी नाय पडत पोरीला, लय येतंय," मावशी म्हणाल्या. "लेकराला गिळायला फुरसत तर पायजे."

मग त्यांनी जे केलं ते मळ्यातल्या माणसाचं काम होतं. पहिली जोराची धार एका फडक्यात जाऊ दिली. माझ्या पाठीशी दोन उशा लावून मला मागे रेलायला लावलं आणि मुलीला माझ्या अंगावर पालथं ठेवलं. "आता तिला वर चढून प्यायचंय. चढाला पाणी दमानं जातं." मुलीने तोंड लावलं. एकदा खोकली. मग शांतपणे, संथ लयीत प्यायला लागली. मी तिच्या कानामागची हालचाल बघत राहिले. तिने मान फिरवली नाही. मला रडू आलं, आणि ते मी लपवलंही नाही.

"काकू, आता ते अळीव बंद करा," मावशी हसत आईला म्हणाल्या. "किती घालता? म्हैस केली लेकीची."

आई हसली नाही. मला वाटलं लाडवांचा अपमान झाला म्हणून. ती दारातच उभी होती, हातात गरम पाण्याचं पातेलं धरून. तिने विचारलं, "मान फिरवून रडते, अंग ताठ करते, ते यानेच?"

"तर! दुसरं काय?"

अंघोळ झाली, मावशी गेल्या. मुलगी झोपली. आईने बाटली कपाटात वरच्या फळीवर ठेवली आणि माझ्या पायांशी येऊन बसली. बराच वेळ ती दुपट्यांच्या घड्या घालत होती. झालेल्या घड्या मोडून पुन्हा घालत होती.

"तूही अशीच मान फिरवायचीस," ती म्हणाली. "अगदी अशीच. सासूबाई म्हणाल्या, हिला दूध नाही. मी पण तेच धरून बसले." मग म्हणाली, "दिवसातून तीन-तीन ब्लाउज बदलायचे मी. ओले व्हायचे."

मी माझ्या ओल्या गाऊनकडे बघितलं.

"म्हणजे होतं की गं मला दूध," आई म्हणाली.

"होतं, आई."

तिने हातातलं दुपटं तोंडाला लावलं. सत्तावीस वर्षांत ती यावरून रडलेली मी कधी पाहिली नव्हती.